वेगळी खेप

माझ्या मुलीच्या, शेवंतीच्या, लग्नाला वर्ष पुरं होऊन वर दसराही उलटून गेला होता, म्हणजे साल नव्व्याण्णव. त्या रविवारी दुपारी आम्ही सगळे विश्राम धुरीच्या बूथवर जमलो होतो. विश्राम मुलांची उत्तरं वाचून दाखवत होता आणि लवूची पाळी आली होती.

“आये, हय बरां असा,” विश्राम पडद्यावरून वाचत होता. “बाबीकाकान लिवलेलां वाचलंय. लाँचीर माणूस कमी पडता म्हणता. मी येव काय? हय माजां मन लागणा नाय. तू सांग.”

लवू माझा मुलगा. मस्कतला एका कंपनीच्या शीतघरात कामाला होता. बाबी म्हणजे माझे दीर, ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. आम्ही गाबीत, मासे मारणारे, आणि त्यांची स्वतःची लाँच होती.

“सांगा वयनी,” ते म्हणाले. “सगळ्यांच्या देखत सांगा. गाबताचो झील परमुलखात कोळंबी मोजीत बसता, लोक माका हसतत.”

“मोजणा नाय, माज्या बाबल्यान सांगितल्यान माका,” गिरकरांची म्हातारी म्हणाली. “बर्फाची गोधडी घालून निजवता तो कोळंबीक.”

सगळे हसले. मीही हसले आणि माझी ओळ शेवटी ठेवली.

हे पत्राचं कसं चालायचं ते सांगते. विश्राम फौजेत बिनतारी संदेशाच्या खात्यात होता. पाय अधू झाल्यावर पेन्शन घेऊन मेढेबंदरला परत आला आणि नाक्यावर फोनचा बूथ टाकला. पुढे त्यानं त्यात कॉम्प्युटर आणून ठेवला. आमच्या वाडीतली पंधरा-सोळा मुलं आखातात होती, कोणी मस्कत, कोणी कुवेत, कोणी बहारीन. फोन महाग. टपाल पोचेपर्यंत तान्हं मूल रांगायला लागायचं. कॉम्प्युटरवरून पत्र गेलं की त्याच दिवशी पोचतं म्हणे. पण जायचं ते फोनच्याच तारेतून, आणि आमची तार माडाच्या झावळीला टेकलेली. विश्राम पणजीचा नंबर लावायचा, यंत्र शिट्टी घालायचं, घसा खरवडल्यासारखं करायचं आणि दहातल्या पाच वेळा मध्येच गप्प व्हायचं. सुरुवातीला तो प्रत्येक घराचं पत्र वेगळं पाठवायचा. अर्धा दिवस जायचा आणि चार-पाच पत्रं जायची. मागे राहिलेले घरी जाऊन तोंडं पाडून बसायचे.

मग एका रविवारी त्यानं आम्हाला समजावलं.

“होडी बंदरार लागली की म्हावरां एकदाच उतरवतास ना? मगे टेंपोवालो तां कुडाळाक नेता, कणकवलेक नेता. दर गिऱ्हायकाच्या दारात तुमी होडी घेवन जातास काय?”

“होडी घेवन गेलंव तर गिऱ्हाईक तरी बघूक येतला,” कोणीतरी म्हणालं.

“तसांच ह्यां,” विश्राम तिकडे लक्ष न देता म्हणाला. “पत्र एकच. वर पत्ते सगळ्यांचे. एका खेपेत पणजेक पोचवूचां, पुढचां वाटप थयलो मोठो कॉम्प्युटर करता. तार पडायच्या आत काम खलास.”

तेव्हापासून वाडीचं पत्र एकच झालं. दर घराची एक ओळ. एकाची म्हैस व्याली, एकाच्या मुलाला लस टोचली, एकीची सासू पडली. सगळ्यांचं सगळ्यांना कळायचं, इथंही आणि तिथंही. जयराम तारीच्या बायकोनं “लवकर येवा” एवढंच सांगितलं तरी इकडे बूथ हसायचा आणि तिकडे कुवेत. पत्राच्या डोक्यावर सगळ्या मुलांची नावं ओळीनं यायची. विश्राम लिहायचा ती भाषा आमचीच, पण अक्षरं इंग्रजी. मी चाळिशीनंतर साक्षरतेच्या वर्गात बाराखडी शिकले होते, ती अक्षरं मला लागत नव्हती. लवूच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं मी ओळखायला शिकले होते. उभी काठी आणि तिच्या पायाशी आडवी रेघ. ते दिसलं की मला बरं वाटायचं.

त्या दुपारी लोक आपापल्या ओळी सांगून गेले. बाबीभावजीही गेले. आभाळ भरून आलं होतं. परतीचा पाऊस जाता जाता त्रास देऊन जातो, तसं त्या वर्षी चाललं होतं. मी बाकावर बसून राहिले.

“तुजी ओळ सांग वयनी,” विश्राम म्हणाला. “ढग बघ कसो इलो तो.”

“माजी ओळ त्या पत्रात घालू नका, भावजी. माजां वेगळां धाडा. लवूक एकट्याक.”

“वेगळां म्हणजे दुसरी खेप. परत नंबर, परत ती शिट्टी. कशाक होया?”

“मग सगळ्यांच्या देखत बाबीभावजींक नाय म्हणू? शेवंतीच्या लग्नात मांडवाच्या खांबापासून सगळां तेंनीच बघितल्यानी. सामायिक पत्रात लिवलंय तर उद्या बंदरार बोंब होतली.”

विश्रामनं मान हलवली. त्याला माहीत होतं. लवूचे वडील, माझे मालक गणपत, भावाबरोबरच होडीवर असायचे. लवू नऊ वर्षांचा असताना ते समुद्रात गेले ते गेलेच. देह मिळाला नाही. दर्भाचा पुतळा केला आणि लवूच्या हातानं त्याला अग्नी दिला. पोरगं विचारत होतं, आये, ह्यां गवत कित्या जाळतत? त्या दिवशी मी ठरवलं की हा मुलगा समुद्रावर जाणार नाही. डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव फिरले, त्याला शाळेत ठेवला, आणि मस्कतची नोकरी आली तेव्हा देवाला नारळ फोडला. तिथंही म्हावरंच होतं, पण जमिनीवर.

“सांग तर,” विश्राम म्हणाला.

मी सांगितलं. “लवू, येव नको. काकाच्या लाँचीर पाय ठेव नको. तुज्या बापाशीक मी दर्भाचो केलंय. तुजो करूची ताकद माज्यात नाय. मन लागणा नाय तरी थयच रव.”

विश्रामनं टाइप करताना मान वर केली नाही.

“हेच्या खालीच आजची सगळी खबर घालतंय,” तो मग म्हणाला. “एकाच माणसाक दोनदा कित्या धाडूचां? सामायिकातून लवूचां नाव काढतंय. तेवढोच भार कमी.”

“काढा,” मी म्हणाले.

सामायिक पत्र पहिल्या झटक्यात गेलं. विश्रामनं मांडीवर थाप मारली. मग माझ्या पत्रासाठी नंबर लावला. शिट्टी झाली, खरखर झाली, आणि खाडीपलीकडे वीज पडली. यंत्र गप्प. विश्रामनं रिसीव्हर कानाला लावला, खाली ठेवला, पुन्हा लावला.

“मेलो,” तो म्हणाला. “फोनच मेलो. असूंदे वयनी, पत्र लिवन तयार असा. लाइन इली की आपसूक जातला.”

लाइन आली नाही. विजेनं खाडीकडची सगळी तार जाळली होती. लाइनमन एकदा येऊन खांबाकडे बघून गेला, नवी केबल कुडाळहून यायला हवी म्हणाला. मी रोज बाजार करून येताना बूथवर डोकवायची, विश्राम हात हलवून नाही म्हणायचा. मला घोर नव्हता. पत्र आज नाही तर उद्या जाईल. लवू मला विचारल्याशिवाय काही करणारा नव्हता.

पुढचा रविवार पत्राविनाच गेला. त्यानंतर तीन-चार दिवसांनी मी अंगणात बांगडे सुकत घालत होते, तर विश्राम पाय ओढत येताना दिसला. तो कधी वाडीत यायचा नाही, चढ होता म्हणून. घामानं भिजला होता.

“वयनी,” तो म्हणाला, “जयरामाची आवस मेली तेव्हा आमी काय केलंव?”

हातातला बांगडा हातातच राहिला.

जयराम तारीची आई पावसाळ्याच्या आधी वारली होती. जयराम कुवेतला, मुदत संपल्याशिवाय सोडणार नव्हते. एकट्या पोरानं यंत्रापुढे बसून वाचावं आणि तिथंच कोसळावं, हे कोणाला बघवेना. म्हणून वाडीनं ठरवलं की त्याचं नाव पत्रातून काढायचं. बाकीच्यांना कळवायचं, आणि त्याला त्यांनी जवळ बसवून सांगायचं. तसं झालं. पुढे पेडणेकरांचा म्हातारा गेला, तेव्हा विश्रामनं मरणाची गोष्ट पत्रात लिहिलीसुद्धा नाही. मुलं एकाच दुकानात बसून पत्र उघडतात, शेजारच्याच्या खांद्यावरून नजर जाते. नुसतं नाव काढलं. तेवढ्यावरून मुलं समजली. बहारीनच्या मुलांनी पेडणेकराच्या पोराला मधे घेतलं, चहा पाजला, मग सांगितलं. मुलांनीच उलट लिहिलं की हे बरं आहे, असंच करत जा. ज्याचं नाव नाही, त्याच्या घरात मयत. ही रीत आमची होती, आणि सगळ्यांना पटली होती. मलाही.

“लवूचां नाव काढलंय मी,” विश्राम म्हणाला. “तुज्या घराची ओळपण नाय त्या पत्रात.”

“पण तेका माजां पत्र...”

“तां खय गेलां? तां हयच असा, यंत्रात.”

लवूच्या घरात मीच एक होते.

मी हात धुतले नाहीत. पदरालाच पुसले. आम्ही दोघं मिळेल त्या एसटीनं मालवणला गेलो. विश्रामनं खिशात मस्कतचा नंबर आणला होता, बाबल गिरकराच्या कंपनीचा. बाबल आणि लवू एकाच खोलीत राहायचे. मालवणच्या बूथवर विश्रामनं नंबर लावला, कोणाशी तरी हिंदीत बोलला, थांबला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

“हॅलो, बाबल? मी द्वारकाकाकी.”

पलीकडे काही नाही.

“बाबल, आयकतंस काय? लवूची आवस बोलतंय.”

“कोण?”

“अरे मेल्या, द्वारकी कोयंडे! मेढ्याची! लवू खय असा?”

पलीकडे कसलासा आवाज झाला. मला वाटलं लाइन गेली. मग कळलं की तो रडतोय.

“काकी, तू जिती असस?”

“माका काय धाड भरली? लवूक बोलव.”

“लवू नाय गो. सकाळच्या इमानान गेलो. तुज्या घराक गेलो.” तो हुंदके देत बोलत होता. “आमी शुक्रवारी पत्र उघडलंव. तेचां नाव नाय. सगळ्यांनी परत परत बघितलां. बूथार फोन लावलंव, घंटा वाजता, कोण उचलणा नाय. आमी म्हटलां, सगळे काकीच्या दारात असतले, फोन कोण उचलतलो?”

“फोन मेललो रे! वीज पडली तारेर!”

“हय वाजत होतो काकी. देवाशपथ वाजत होतो.”

विश्राम बाजूला उभा होता. तो हळूच म्हणाला, “तार जळली तरी करणाऱ्याक घंटा आयकाक येता.”

“तेका कंपनीन सोडल्यान कसां?” मी विचारलं.

“राजीनामो लिवन घेतल्यानी, मगे पासपोर्ट दिल्यानी. तो काय वाचूकसुद्धा थांबलो नाय, सही करून मोकळो.” बाबल थांबला. “काकी, तेचां मुंडण आमी केलां गो. मीच न्हावयाकडे घेवन गेलंय. माका माफ कर.”

मी रिसीव्हर विश्रामला दिला आणि बाहेर पायरीवर बसले. रस्त्यानं शाळेच्या मुली चालल्या होत्या. एकीनं माझ्याकडे बघून नाक दाबलं, तेव्हा कळलं की अंगाला बांगड्यांचा वास येतोय.

दुसरा पूर्ण दिवस आणि तिसऱ्या दिवशीची सकाळ मी नाक्यावर बसले. मुंबईहून येणारी प्रत्येक गाडी बघितली. त्याला गाडीतून उतरतानाच धरायचं, कोणाच्या तोंडून काही ऐकायच्या आत, असं मनात होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन लागायला लागलं, म्हणून पेज पिऊन यावं अशा विचारानं घरी गेले.

अंगणात कोणीतरी माझ्याकडे पाठ करून बसलं होतं. कपडे ओले. डोकं भादरलेलं, त्यावर नुसते खुंट. दार ओढलेलं होतं, ते त्यानं उघडलं नव्हतं. तो खाडीच्या थांब्यावर उतरून किनाऱ्यानं आला होता. मयताच्या घरी आंघोळ केल्याशिवाय शिरायचं नाही म्हणून वाटेत समुद्रात डुबी मारून आला होता.

“लवू,” मी म्हणाले.

तो वळला नाही.

“लवू, अरे मी, तुजी आये.”

तो तसाच. त्यानं मागाहून सांगितलं, इतके दिस तुजोच आवाज येय होतो, म्हणान मी बघूचां सोडललंय.

मी जवळ गेले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. खुंट हाताला टोचले. त्यानं माझा हात धरला, डोक्यावरून खाली ओढला आणि नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरून बसला.

“म्हावऱ्याचो वास येता,” तो म्हणाला. मग वळून बघितलं.

रडून झाल्यावर मी त्याला पेज वाढली. त्यानं ती जेवण न मिळालेल्या माणसासारखी प्यायली. शेवंतीला निरोप गेला, ती धावत आली, तिनं भावाला एक थोबाडीत मारली आणि मग गळ्यात पडली.

“तुका एवढां कळणा नाय?” ती ओरडत होती. “आवस मेली तर मी तुका कळवन नाय? माका इचारूचां तरी!”

“कसां इचारू? बूथार फोन कोण उचली नाय.”

“आणि थय बसान काय काय केलंस रे तू आयेचां?”

लवू लाजल्यासारखा झाला. “जेवढां येता तेवढां केलंय. बाबांचां केललां आठवता माका. थय दर्भ खयचो? खजुराच्या पात्याचो पुतळो केलंव. समुद्राच्या कडेक भात ठेवलो.” मग तो माझ्याकडे वळला. “थय आपल्यासारखे कावळे असत गो आये. खूप असत. ठेवलो आणि लगेच शिवलो. बाबल म्हणालो, बघ, काकीचां काय मागे रवला नाय.”

शेवंती मला चिकटली. मी ताट उचलून धुवायला नेलं.

वाडीतल्या बायका आठवडाभर मला बघायला येत होत्या. कोणी चिमटा काढून बघायची, कोणी हसायची. “तुजां आयुष्य वाढलां गो,” सगळ्याच म्हणायच्या. “जित्या माणसाच्या मरणाची खबर झाली की आयुष्य वाढता.” भटजींनी सांगितलं तसा मी समुद्राला नारळ दिला. बाबीभावजी नवा कोरा पंचा घेऊन आले, तो लवूच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, “इलंस तां बरां झालां. कसो काय इलंस तां देवाक ठावक.”

दिवाळी उलटल्यावर तार जोडली. विश्राम स्वतः सांगायला आला. अंगणात खुर्चीवर बसला, पाणी प्यायला.

“वयनी, तुजां पत्र गेलां,” शेवटी म्हणाला. “यंत्र चालू केलां, नंबर लावलो, माका काय सुचूच्या आत गेलां.”

“खयचां पत्र?” लवूनं विचारलं. तो पडवीत जाळं विणत होता. काकाचं जाळं.

विश्राम माझ्याकडे बघायला लागला. मीच सांगितलं. “तुका लिवललंय. येव नको म्हणान.”

लवूला हसू आलं. “आता पत्र मस्कताक आणि मी हय.”

“मग तोंडान सांगतंय. लाँचीर जाव नको.”

“आये, वीजो गेलो. परत जावचां म्हणजे परत एजंट, परत सगळां पहिल्यापासून. तोवर काय करू? तुजी टोपली डोक्यार घेवन बाजाराक बसू?”

“बस. लोक हसले तर हसांदेत.”

“पावसापर्यंत जातंय काकाबरोबर. मगे बघू.” मग जरा वेळानं, जाळ्यावरून मान न काढता तो म्हणाला, “माका थय खरांच करमणा नाय गो. मी येवचोच होतंय. आज ना उद्या येतलंच.”

हे त्यानं खरं सांगितलं की माझ्या समाधानासाठी, ते मला आजही ठरवता येत नाही. विश्राम काठी टेकत उठला.

“लवू, रविवारी बूथार ये. तुजां पत्र उघडून दाखवतंय.”

“कित्या, विश्रामकाका? आयेन सांगितलां ना.”

तो त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात लाँचीवर गेला. चांगलं काम करायचा. केस वाढले, अंग काळं झालं, गाणी म्हणत घरी यायचा. मी पहाटे त्याला भाकरी बांधून द्यायची आणि लाँच परत आल्याचा आवाज येईपर्यंत बाजारात बसायची नाही. बायकांनी मला त्यावरून खूप चिडवलं. “गो द्वारक्या, तो मस्कताक होतो तेव्हा बरी बाजार करी होतंस.”

पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या दिवसांत बाबीभावजींनी आणखी एक खेप करायची ठरवली. समुद्र तसा शांत होता. वादळ नाही, वारा नाही. बंदरातून लाँच दिसत होती एवढ्या अंतरावर जाळं लाँचीच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंतलं. असं नेहमी होतं. कोणीतरी सुरी घेऊन खाली उतरतो, जाळं कापतो आणि वर येतो.

“मी उतरत होतंय,” बाबीभावजींनी मला सांगितलं. ते आमच्या अंगणात उभे होते, ओलेच. “मी कंबरेक दोर बांधललो वयनी. तो म्हणालो, काका तुमचां वय झालां, तुमी रवा. एकदा वर इलो, श्वास घेतल्यान, म्हणालो थोडां रवला. परत गेलो.”

गणपत मिळाले नव्हते. लवू मिळाला. जाळ्यातच होता.

दहाव्याला शेवंतीच्या नवऱ्यानं पिंड ठेवला. मी लांब माडाखाली उभी होते. कावळे होते, झाडावर बसून बघत होते, पण खाली येईनात. बाबीभावजींनी हात जोडून म्हटलं, लवू, आवशीक मी बघीन. कावळा आला नाही. शेवंती रडत म्हणाली, मी आयेक माज्याकडे नेतंय. नाही आला. जो तो येऊन काहीबाही कबूल करत होता. ऊन चढलं, माणसं उपाशी ताटकळली. भटजी माझ्याकडे आले आणि म्हणाले, तुम्ही काही बोलता का? मी मान हलवून नाही म्हटलं. शेवटी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला.

त्याच्या पुढच्या रविवारी विश्राम बूथवर एकटाच होता. कोणी ओळ सांगायला आलं नव्हतं. त्यानं मला बाकावर बसवलं. पडद्यावर नावांची ओळ होती. मी बघत बघत गेले आणि मला ती काठी आणि पायाशी आडवी रेघ दिसली.

“पोरांका कळवूक होया वयनी,” तो म्हणाला. “आता कोणाचां नाव काढूचां? घर तर लवूचांच. तेचो पत्तो काढू?”

“थय काय पडललां असा?”

“तुजां तां पत्र असतला. कोणी उघडूक नाय.”

“रवांदे पत्तो,” मी म्हणाले. “सगळ्यांक जावंदे. एकाच खेपेत.”

मग मी सांगितलं तसं त्यानं लिहिलं, एकच ओळ. आभाळ स्वच्छ होतं, यंत्रानं एकदाच शिट्टी घातली आणि पत्र गेलं. ती ओळ अशी होती: लवू गणपत कोयंडे, वय सव्वीस, एकवीस मे दोन हजार, रविवारी सकाळी, मेढेबंदरासमोर समुद्रात मरण पावला.